मनगटावरचे ठोके, दवाखान्यातले ठोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईसीजी काढणं आणि होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी नोंदवणारा डबा, लावणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हे प्रश्न मला ईसीजीची कागदी पट्टी निघता निघताच विचारले जातात. पूर्वी खोलीत येणारे बहुतेक साठीच्या पुढचे असत आणि "कार्डिओग्राम बरा आहे ना?" एवढंच विचारत. आता पंचविशीतली मुलं मनगट पुढे करतात आणि मोबाइलवरचा आलेख उघडून दाखवतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध, डोस आणि निदान यांतलं इथे काही मिळणार नाही. यंत्र काय मोजतं, कुठे फसतं आणि त्याचा आकडा किती मनावर घ्यावा, एवढ्यापुरतंच हे पान आहे.

घड्याळ ठोके मोजतं तरी कसं?

घड्याळ काढून पाठीमागे बघा, हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते. त्या क्षणी प्रकाश जास्त शोषला जातो आणि कमी परत येतो. दिव्यांशेजारचा सेन्सर हा चढउतार टिपतो आणि आतलं सॉफ्टवेअर त्यावरून ठोके काढतं.

कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच कुळातला. त्यात लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात. हे तंत्र १९७० च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधलं. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या, तेव्हा सगळ्यांचा जीव ९४-९५ च्या आकड्यात अडकलेला होता. त्याच पडद्यावर दुसरा आकडा असायचा, तो ठोक्यांचा. कित्येक घरांत तो ऑक्सिमीटर अजून कपाटात पडून आहे. सेल बदलून वापरायला काढा. स्वस्थ बसल्यावरचे ठोके मोजायला त्याला हजारोंचं घड्याळ लागत नाही.

मग दवाखान्यातला ईसीजी वेगळा कसा?

घड्याळ रक्ताची लाट बघतं, ईसीजी वीज बघतो. हृदयाचा स्नायू आकसण्याआधी त्यात अगदी सूक्ष्म वीज पसरते आणि ती कातडीवर मोजता येते. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती नीट टिपली. त्यांचं यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरात होतं, चालवायला पाच माणसं लागत आणि पेशंट दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचा. १९२४ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. पट्टीवरच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांनीच दिली आणि आजही तीच चालतात.

आता मिठाच्या पाण्याच्या जागी जेल आहे. हातापायांना चार आणि छातीवर सहा अशा दहा वायरींतून हृदयाकडे बारा बाजूंनी बघता येतं. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. तुमची पट्टी घरी असेल तर दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला त्या संख्येने भागा. चार चौकोन असतील तर ठोके ७५.

माझ्या घड्याळात ईसीजीपण आहे. मग दवाखान्यात कशाला यायचं?

दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या बटणावर किंवा कडेवर तीस सेकंद ठेवलं की दोन हातांमधून मंडल पूर्ण होतं आणि खरोखरचा ईसीजी निघतो. ॲपलने २०१८ साली तो घड्याळात आणला. मोबाइलला जोडायच्या छोट्या पट्ट्या त्याआधीपासून आहेत. पण ही एकच बाजू. लय नियमित आहे की नाही, हे ती चांगलं सांगते. हार्ट अटॅक ओळखायला मात्र बाराही बाजू लागतात. वाड्याच्या एका खिडकीतून डोकावलं तर ओसरी दिसेल, स्वयंपाकघरात काय जळतंय ते दिसणार नाही.

केळ्याला घड्याळ बांधलं तरी ठोके दाखवतं. म्हणजे सगळं थोतांडच ना?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारणाऱ्याने निदान प्रयोग तरी केलेला असतो. केळं, टिश्यू पेपरची गुंडाळी, गुंडाळलेला टॉवेल, कशालाही बांधा, काही घड्याळं ७८ किंवा ८४ असा ठसठशीत आकडा दाखवतात.

यात फसवणूक असेलच असं नाही. सॉफ्टवेअरला काम दिलेलं असतं ते परत आलेल्या प्रकाशात ठराविक अंतराने येणारा चढउतार शोधण्याचं. केळंही प्रकाश परत पाठवतं. त्यात खोलीतल्या दिव्याची लुकलुक, टेबलाचा हलका कंप आणि सेन्सरची स्वतःची खरखर मिसळते. शोधणाऱ्याला काहीतरी सापडतंच, आणि माणसाच्या ठोक्यांच्या पल्ल्यातली सगळ्यांत जवळची संख्या पडद्यावर येते. नीट बनवलेलं घड्याळ खाली कातडी आहे का हे आधी तपासतं आणि शंका असेल तर आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा दाखवतं. मला विचाराल तर घड्याळाची लायकी या दोन रेघांवरून ठरते. 'कळत नाही' असं म्हणायची ज्याची तयारी आहे, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

विकत घेताना दुकानातच तीन गोष्टी करा. एक, घड्याळ बांधून पाच मिनिटं बसा आणि दुसऱ्या हाताच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूची नाडी तीन बोटांनी चाचपून अर्धा मिनिट मोजा. त्याची दुप्पट आणि घड्याळाचा आकडा यांत पाचाहून जास्त फरक नसावा. दोन, एक जिना भराभर चढून या आणि पुन्हा मोजा. तीन, घड्याळ काढून काउंटरवर ठेवा. तिथेही ७२ दाखवत राहिलं तर तिथेच परत करा.

घड्याळ कधी चुकतं?

स्वस्थ बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसाच्या बाबतीत बरी घड्याळं सहसा चुकत नाहीत. गोंधळ होतो तो मनगट हलल्यावर. पोळ्या लाटताना, धुणं पिळताना, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीचं हँडल घट्ट धरल्यावर, जिममध्ये डंबेल उचलताना मनगटातले स्नायू ताणले जातात, रक्ताची लाट दबते आणि आकडा कुठेही भरकटतो. स्वयंपाक करताना अचानक १४० आले म्हणून घाबरून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. खोलीत मोजले तेव्हा ठोके ऐंशीच्या आतबाहेर होते.

पळणाऱ्यांचा त्रास वेगळा. घड्याळ कधी ठोक्यांऐवजी पावलं मोजू लागतं. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर ठोकेही १७० दाखवतं आणि पळणाऱ्याला वाटतं आपला दम संपला. वेग बदलला तरी आकडा पावलांना चिकटून राहिला, तर हेच झालंय असं समजा.

पट्टा ढिला असणं हे सगळ्यांत साधं कारण. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर, बोटभर अंतरावर, घट्ट पण रुतणार नाही असं हवं. बांगड्या भरलेल्या हातात ते खाली-वर सरकतं, म्हणून दुसऱ्या हातात बांधा. मनगटावर गडद गोंदण असेल तर प्रकाश आत जात नाही. थंडीत बोटं गार पडतात तेव्हा ऑक्सिमीटरही अडखळतो. हात चोळून घ्या.

सावळ्या कातडीवर घड्याळ चुकतं का, असंही विचारतात. ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन जरा जास्तच दाखवू शकतो, हे २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या पेशंटच्या नोंदींवरून पुढे आलं. ठोक्यांच्या बाबतीत रंगापेक्षा हालचालीमुळे होणारी चूक मोठी असते.

ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्यावा का?

अंतराने जोर लावून व्यायाम करत असाल, सायकल चालवत असाल किंवा मॅरेथॉनची तयारी चालू असेल तर जरूर घ्या. तो वीज मोजतो, प्रकाश नाही. फिनलंडमध्ये बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंसाठी पोलार कंपनीने १९८२ साली बिनतारी पट्टा बाजारात आणला, तेव्हापासून खेळाडूंचा तोच भरवशाचा आहे. बांधण्याआधी आतले रबरी भाग पाण्याने ओले करा, कोरड्या कातडीवर पहिली दहा मिनिटं आकडे वाट्टेल तसे येतात. सकाळी फिरायला जाणाऱ्याला याची काही गरज नाही.

नॉर्मल ठोके किती?

मोठ्या माणसाचे, स्वस्थ बसल्यावर, मिनिटाला ६० ते १००. हा पल्ला मुद्दाम मोठा आहे. रोज पळणाऱ्याचे ५० असले तरी ते ठीक असू शकतात. मुलांचे मोठ्यांपेक्षा जास्त असतात, गरोदरपणात नेहमीपेक्षा दहा-वीस वाढतात, ताप आला की वाढतात.

शेजारच्याचे किती आहेत याच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी तुमचे स्वतःचे साधारण किती असतात ते माहीत असणं कामाचं.

झोपेत ठोके ४६ पर्यंत खाली गेले. पहाटे जाग आली ती घाबरूनच.

गाढ झोपेत चाळिशीत जाणं बऱ्याच निरोगी माणसांत दिसतं. होल्टरच्या रिपोर्टमध्ये आम्हाला हे रोज दिसतं आणि डॉक्टर त्याकडे बघून पान उलटतात. दिवसा, जागेपणी ठोके कमी असतील आणि जोडीला चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा शुद्ध हरपणं असेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशी गोळी चालू असेल तर ठोके कमी होणारच, त्यासाठीच ती दिलेली असते. आकडा बघून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणारे भेटतात. तसं करू नका, यातल्या काही गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

महिनाभरात बसल्या जागचे ठोके ७२ वरून ८८ झालेत. हृदय बिघडलं का?

घड्याळाचा खरा उपयोग मला इथे वाटतो. एका दिवसाच्या आकड्याला फार किंमत नाही, पण महिनाभर हळूहळू चढत गेलेल्या रेघेला आहे. ती दवाखान्यातल्या दहा सेकंदांच्या पट्टीवर कधीच दिसणार नाही. पट्टीवर ८८ म्हणजे नॉर्मलच.

कारण बहुधा हृदयाबाहेर असतं. आपल्याकडे पहिला संशय रक्त कमी असण्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. "जिना चढला की धाप लागते, बाकी काही नाही" म्हणणारी बाई हृदयाची तपासणी करायला येते आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट घेऊन परत जाते. त्यानंतर थायरॉइड जास्त काम करत असणं, अंगात मुरलेला ताप, अपुरी झोप, रात्रीची दारू. विदर्भात मे महिन्यात पाणी कमी पडलं तरी ठोके चढतात. निर्जळी उपासाच्या दिवशीही तेच. दोन साध्या रक्ततपासण्यांत बहुतेकदा उलगडा होतो.

'२२० वजा वय' हे सूत्र खरं आहे का?

जोर लावल्यावर ठोके जास्तीत जास्त किती वर जाऊ शकतात, ते सांगणारं हे सूत्र. सोयीचं आहे. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतल्या फॉक्स आणि हॅस्केल यांनी तोवरच्या काही पाहण्यांच्या आकड्यांमधून एक ढोबळ रेघ ओढली, तीच पुढे जिमच्या भिंतींवर चढली. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी '२०८ वजा वयाचे सात दशांश' असं सुधारित सूत्र दिलं. साठीच्या माणसाला पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. पण दोन्ही सरासरीच. प्रत्यक्षात माणूस या आकड्याच्या दहा-बारा वर किंवा खाली सहज असतो. म्हणून 'मी कमालीच्या पलीकडे गेलो' या धास्तीत दम नाही.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना वेग निम्म्यावर येतो आणि ठोके सपाटीपेक्षा वीसने जास्त असतात. तिथे घड्याळातला वेग बघून पळणारा अर्ध्या घाटात बसतो, ठोके बघून पळणारा वर पोचतो. मुंबईत तर जानेवारीतही दमट हवेमुळे त्याच वेगाला तासाभराने ठोके वाढलेले असतात आणि पेडर रोडची चढण आणखी पुढे असते. ज्याला आकड्यांचा कंटाळा आहे त्याच्यासाठी जुना नियम पुरे: चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असेल तर सूत्रं विसरा आणि हाच नियम पाळा.

घड्याळाने 'अनियमित लय' असा इशारा दिला. आता?

आधी बसा. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर त्याच वेळी काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत लय पुन्हा सरळ झालेली असते. मग नाडी चाचपा. एखादा ठोका चुकून पुन्हा ताल धरला जात असेल तर ते बऱ्याच जणांत आढळतं, चहा-कॉफी आणि जागरणानेही होतं. पण तालच सापडत नसेल, कधी दोन ठोके लगोलग, कधी लांबलेला, कशाचा कशाला मेळ नाही, तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी नुसते थरथरतात, आत रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. हा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. म्हातारपण आणि जुना रक्तदाब ही नेहमीची कारणं. आपल्याकडे लहानपणीच्या सांधेतापाने झडप खराब झालेल्या माणसांतही हे बरंच दिसतं, आणि त्यांचं वय चाळीसही नसतं.

इशारा म्हणजे निदान नव्हे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲपलच्या घड्याळावर ४,१९,२९७ लोकांचा अभ्यास केला, तो २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये छापून आला. इशारा मिळाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना. त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीला पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत त्या पट्टीवर फिब्रिलेशन सापडलं. बाकीच्यांचा इशारा खोटाच होता असंही म्हणता येत नाही, हा विकार येऊन-जाऊन असतो. म्हणून धावपळ नको आणि दुर्लक्षही नको. त्याच आठवड्यात वेळ घेऊन दाखवा. बोलण्यात अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात गळणं यांतलं काही असेल तर वेळ घेत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

छातीत दुखतंय, पण घड्याळ 'नॉर्मल' म्हणतंय.

घड्याळ काढून बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, मधुमेह असलेल्यांत नुसतीच धाप किंवा मळमळ, यांपैकी काहीही असेल तर घड्याळाला विचारायचंच नाही. कोणतंही घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही, कंपन्याही तसं लिहून देतात. पडद्यावर 'लय सामान्य' दिसतं ते फक्त लयीबद्दल असतं. अटॅक चालू असताना लय सामान्य असू शकते.

पेशंट दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा असा दंडक आहे. गोव्यात हार्ट अटॅकवर लगेच उपचार करण्याच्या स्टेमी प्रकल्पात गावाकडच्या केंद्रात काढलेली पट्टी इंटरनेटवरून तज्ज्ञांकडे जाते, अटॅक दिसला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात आणि पेशंटला बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, हलवतात. महाराष्ट्रातही काही जिल्ह्यांत अशी सोय उभी केली आहे. म्हणजे जवळच्या सरकारी केंद्रात जाणं हे वेळ घालवणं राहिलेलं नाही, उलट शहरापर्यंतच्या दोन तासांत हृदयाचा स्नायू जातो.

होल्टर म्हणजे काय? तो लावून काय करायचं?

चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास अखंड ईसीजी नोंदवणारा छोटा डबा. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात तो बनवला तेव्हा तो अडतीस किलोंचा होता आणि पाठीवर घेऊन फिरावा लागे. आता काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असतो.

लावताना छातीवरचे केस जिथे स्टिकर बसायचे तिथे काढावे लागतात. पुरुष कुरकुरतात, पण केसांवर चिकटवलेला स्टिकर घामाने दोन तासांत सुटतो आणि मग रात्रभराची नोंद म्हणजे नुसती खरखर. मंगळसूत्र वायरींत अडकून ओढ बसते. काढायचं नसेल तर मी ते पाठीकडे वळवून टेपने चिकटवून देते. डबा परकराच्या नाडीला किंवा पट्ट्याला. आंघोळ दुसऱ्या दिवशी.

सगळ्यांत मोठी गफलत पुढे होते. लोक होल्टर लावून घरी जातात आणि आजारी असल्यासारखे पडून राहतात. अहो, तुमची धडधड बाजारातून पिशव्या उचलून आणताना होते, तर बाजारात जा! जिना चढा, भांडण व्हायचं असेल तर होऊ द्या. सोबत दिलेल्या कागदावर वेळ लिहा: "३.२०, भाजी घेऊन जिना, धडधडलं." बहुतेक कागद "सर्व ठीक" असे परत येतात. मग पहाटे चारला दिसलेल्या दहा जलद ठोक्यांच्या वेळी माणूस झोपेत होता की बाथरूममध्ये, हे डॉक्टरांना कळत नाही.

त्रास महिन्यातून एकदाच होत असेल तर चोवीस तासांत तो सापडणं नशिबाची गोष्ट. त्यासाठी दोन आठवडे छातीला चिकटून राहणाऱ्या पट्ट्या आहेत. कातडीखाली बसवायचा, काही वर्षं चालणारा लूप रेकॉर्डरही आहे, वारंवार शुद्ध हरपते आणि कारण सापडत नाही अशांसाठी. या अधल्यामधल्या पेशंटला घड्याळाचा ईसीजी खरोखर उपयोगी पडतो. त्रास होईल तेव्हा ते हातावर असतंच.

आयसीयूतला मॉनिटर सारखा वाजतो आणि नर्स बघतही नाहीत!

बघतात. त्यांना दुरूनच आवाजावरून आणि लाटेवरून कळतं. पेशंट कुशीवर वळला, स्टिकर घामाने सुटला, बोटाचा क्लिप निसटला, तरी यंत्र वाजतं. पेशंट दात घासत असला तर पडद्यावर हुबेहूब जीवघेण्या लयीसारखी गर्दी दिसते आणि समोर माणूस तोंडात फेस घेऊन आपल्याकडे बघत असतो. सरळ रेघ दिसली की नातेवाईक किंचाळतात, पण बऱ्याचदा वायर सुटलेली असते. आधी पेशंटकडे बघा, मग पडद्याकडे.

तरीही तुमची तक्रार अगदीच चुकीची नाही. खोट्या गजरांनी कान बधिर होतात आणि खरा गजर उशिरा ऐकू येतो, ही जगभरच्या आयसीयूंची मान्य झालेली अडचण आहे. स्टिकर रोज बदलणं आणि गजराच्या मर्यादा त्या पेशंटनुसार लावणं, एवढ्याने निम्मा आवाज कमी व्हावा. मनुष्यबळ कमी असलं की नेमकं हेच राहून जातं.

ताण, कॅलरी, 'बॉडी बॅटरी' (अंगात किती दम उरलाय याचा घड्याळाचा अंदाज) हे आकडे?

करमणूक म्हणून बघा. स्टॅनफर्डच्याच २०१७ च्या एका अभ्यासात सात उपकरणांपैकी सहांनी ठोके पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीत मोजले, पण कॅलरीत सगळ्यांत चांगलं उपकरणही २७ टक्के चुकलं. त्या भरवशावर जास्तीची पुरणपोळी खाऊ नका.

स्वस्तातलं घड्याळ चालेल का?

२०२२ साली भारतात अंगावर वापरायच्या उपकरणांची विक्री दहा कोटी नगांवर गेली, असं बाजाराचा अभ्यास करणाऱ्या आयडीसी कंपनीने नोंदवलं. त्यात इअरबड्स मोठ्या संख्येने होते, पण हजार-दोन हजारांची घड्याळंही गावोगाव पोचली. पावलं, वेळ, बसल्या जागचे ठोके यांसाठी चालतील, वरच्या तीन परीक्षा पास झाली तर. हिरव्या दिव्यावर रक्तदाब आणि रक्तातली साखर दाखवणारं स्वस्त घड्याळ मात्र घेऊ नका. त्या साखरेवर कुणी इन्शुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतेल. वैद्यकीय उपकरणांना आपल्याकडे केंद्रीय औषध नियंत्रकांच्या चौकटीत परवाना लागतो. खोक्यावर बारीक अक्षरांत 'वैद्यकीय वापरासाठी नाही' असं छापलेलं असेल तर ते खरंच आहे.

आईबाबा गावाला, आम्ही बाहेर. त्यांना घड्याळ घेऊन देऊ का?

द्या, पण आधी ठरवा की इशारा आला तर बघणार कोण. पहाटे तीनला कॅलिफोर्नियातल्या मुलाला नोटिफिकेशन आलं तरी दार उघडून आत जाणारा माणूस शेजारचाच असतो. त्याचा नंबर आधी घ्या. रोज चार्जिंग लागणारं घड्याळ आठवड्यात खणात जातं, म्हणून बॅटरी जास्त दिवस चालणारं बघा. ठोके कमी-जास्त झाल्याच्या इशाऱ्याच्या मर्यादा त्यांच्या औषधांप्रमाणे डॉक्टरांना विचारून बदला. नाहीतर गोळीमुळे ४८ असलेल्या बाबांना ते रोज रात्री उठवेल.

पेसमेकर असेल तर?

ठोके मोजायला हरकत नाही. मात्र चुंबकाने चिकटणारे चार्जर आणि मोबाइल छातीच्या खिशात ठेवू नयेत, हातभर लांबच बरे. शरीरातली चरबी मोजण्यासाठी अंगातून सूक्ष्म वीज सोडणारी सोय काही घड्याळांत असते, ती बंद ठेवा. पेसमेकर असलेल्यांनी ती वापरू नये, असं बनवणारेही सांगतात.

पोटातल्या बाळाचे ठोके घरी ऐकायचं यंत्र घेऊ का?

नको. बाळाचे ठोके ११० ते १६० असतात, पण सवय नसलेल्या कानाला आईचीच नाडी किंवा वारेतला आवाज बाळाचा वाटतो आणि खोटा धीर मिळतो. बाळाची हालचाल कमी वाटली तर यंत्र न लावता तडक दवाखाना.

ही सगळी माहिती जाते कुठे?

कंपनीच्या सर्व्हरवर. २०१८ च्या जानेवारीत पळण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या पळण्याच्या वाटांवरून लष्करी तळ दिसून आले होते, तेव्हा ठोक्यांसोबत ठिकाणही जातं हे लक्षात असू द्या. आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. ॲपमध्ये जाऊन ठिकाणाची परवानगी आणि 'सार्वजनिक' हा पर्याय बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे.

डॉक्टरांना काय दाखवायचं?

दोनशे स्क्रीनशॉट नकोत. त्रास झाला त्या वेळचा ईसीजी तारीख-वेळेसह, बसल्या जागच्या ठोक्यांचा महिन्याभराचा आलेख आणि चालू गोळ्यांची यादी, एवढं पुरतं. त्रासाच्या वेळी काय करत होता आणि तो किती वेळ टिकला, हे एका ओळीत लिहून आणा. ईसीजीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवरून पाठवला की बारीक रेघा पुसट होतात, म्हणून पीडीएफ डॉक्युमेंट करून पाठवा. प्रिंट काढणार असाल तर 'पानाला बसव' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर चौकोनांचं माप बिघडतं.